वाळू वरून मोजताय ना, मग एक चाळणी खालीही पाठवा

प्रति,
सगळ्याच जिल्ह्यांचे खनिकर्म अधिकारी, तहसीलदार साहेब, आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल बनवून देणारी एजन्सीवाली मंडळी यांस

विषय: सॅटेलाइट आणि ड्रोनच्या फोटोवरून वाळूची जात आणि ब्रास (वाळू मोजायचं घनफुटाचं माप) ठरवण्याबाबत

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी कार्यकर्ती नाही, पत्रकार नाही, वाळूच्या धंद्यात तर आमच्या घरचं कोणीच नाही. गेली चौदा वर्षं मी एका तालुक्याच्या गावातल्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. म्हणजे लोक पिशवीत वाळू आणतात, मी ती ओव्हनमध्ये वाळवते, एक किलो मोजून घेते, चाळण्यांच्या चळतीवर ओतते, शेकर चालू करते आणि मग प्रत्येक चाळणीवर किती अडकलं त्याचं वजन लिहिते. वरची ४.७५ मिलिमीटरची, मग २.३६, १.१८, मग ६०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), ३००, १५० आणि सगळ्यात खाली पॅन. दिवसातून पाच-सात वेळा हेच. नवरा म्हणतो तू झोपेत पण चाळणी थोपटल्यासारखी उशी थोपटतेस.

लॉकडाऊनमध्ये लॅब बंद होती तेव्हा घरी बसून मी ऑनलाइन जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचा कोर्स केला, त्याचं क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर शिकले, सेंटिनल-२ या युरोपच्या उपग्रहांचे फोटो उतरवून घ्यायला शिकले. सांगायचं कारण एवढंच की हे पत्र वाचून कोणी म्हणू नये की बाईला सॅटेलाइटमधलं काय कळतंय. थोडं कळतं. आणि थोडं कळतं म्हणूनच लिहायला बसले.

झालं असं की आमच्या भागातल्या नदीच्या वाळू गटांचा, म्हणजे लिलावासाठी आखलेल्या पात्राच्या तुकड्यांचा अहवाल हरकती मागवायला म्हणून वेबसाइटवर टाकला होता आणि आमच्या गावच्या ग्रुपवर कोणीतरी त्याची पीडीएफ फिरवली. नदीचं आणि जिल्ह्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाला अडकवायचं नाहीये. अहवाल दिसायला एकदम भारी. रंगीत नकाशे, पिवळ्या-केशरी रंगात नदीचं पात्र, खाली सूची, आणि प्रत्येक गटापुढे लिहिलेलं, वाळूचा प्रकार मध्यम, उपलब्ध वाळू इतके इतके ब्रास, तेही दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकड्यांपर्यंत. मी पूर्ण पीडीएफ शोधली, चाळणीचा एक तक्ता सापडला नाही. खड्डा घेतल्याचा एक फोटो नाही. फोटोवरून वर्गीकरण केलं एवढं एक वाक्य, बस.

आणि त्यातल्या एका गटाची वाळू मी स्वतः चाळलेली आहे! एका कॉन्ट्रॅक्टरने पुलाच्या कामासाठी आणली होती, पहिल्या पिशवीतले हजार ग्रॅमपैकी ३४० ग्रॅम ४.७५ च्या चाळणीवरच बसले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नुसती बजरी आणि गोटे. दुसरी पिशवी त्याच जागची पण हातभर खालची. ती धुतली तर ७५ मायक्रॉनच्या खालची माती ११ टक्के निघाली, आयएस ३८३ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकात, नदीच्या वाळूला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. आता यातली मध्यम कुठली ते मला सांगा.

बरं, मध्यम म्हणजे तरी कोणाची मध्यम? भूगर्भवाले १९२२ पासून वेंटवर्थचं माप वापरतात, त्यात पाव ते अर्धा मिलिमीटर म्हणजे मध्यम वाळू आणि २ मिलिमीटरच्या वर गेलं की ती वाळूच नाही. आमच्या सिव्हिलवाल्यांच्या आयएस १४९८ या मातीच्या वर्गीकरणाच्या मानकात मध्यम म्हणजे ०.४२५ ते २ मिलिमीटर आणि वाळू ४.७५ पर्यंत चालते. काँक्रीटवाले तर मध्यम-बिध्यम म्हणतच नाहीत, ते झोन वन, झोन टू असं बोलतात, ६०० मायक्रॉनमधून ३५ ते ५९ टक्के गेली तर झोन टू. एकाच शब्दाचे हे तीन हिशोब आहेत आणि अहवालात कुठला धरलाय ते लिहिलेलंच नाही. अर्धा मिलिमीटरच्या दाण्याला एक जण मध्यमची वरची हद्द म्हणतो आणि दुसऱ्याच्या हिशोबाने तो मध्यमच्या सुरुवातीलाच असतो.

आता मुद्द्यावर येते. फोटोवरून वाळू बघू नका असं मी म्हणत नाहीये, उलट बघाच. सेंटिनल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात, फोटो फुकट मिळतो, पात्रातलं वाळूचं बेट पुराआधी किती होतं आणि पुरानंतर किती झालं हे घरबसल्या दिसतं. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे फोटो तर १९७२ पासूनचे आहेत, आजोबांच्या काळात नदी कुठून वाहत होती ते पण बघता येतं. रात्रीत कोणी पात्रात मोठा खड्डा पाडला तर पुढच्या फोटोत तो निळा ठिपका होऊन दिसतो कारण त्यात पाणी भरलेलं असतं. हे सगळं तलाठी भाऊसाहेबांनी पायी फिरून कधीच जमलं नसतं, आणि ज्यांनी फिरायचा प्रयत्न केला त्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यामुळे वरून नजर ठेवा, शंभर टक्के ठेवा.

पण वाळू कुठे आहे हे दिसणं वेगळं आणि ती कशी आहे हे कळणं वेगळं.

साधा हिशोब बघा. सेंटिनलचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. वाळूचा दाणा धरा अर्धा मिलिमीटर. एका बाजूला २०,००० दाणे, म्हणजे त्या एका चौकोनात नुसत्या वरच्या थरात ४० कोटी दाणे! त्या ४० कोटी दाण्यांचा मिळून एक रंग तुम्हाला मिळतो. इस्रोचा कार्टोसॅट-३ घ्या, त्याचा पिक्सेल साधारण पाव मीटरचा, तरी त्यात अडीच लाख दाणे बसतात. त्यामुळे सॅटेलाइटला दाणा दिसतो ही समजूत आधी काढून टाका. सॅटेलाइट दाण्याचा अंदाज बांधतो, तोही चमकेवरून.

आता चमक आणि दाण्याचा काय संबंध? किचनमध्ये जाऊन बघा. खडीसाखर हातात घ्या, जवळजवळ काचेसारखी, आरपार. तीच मिक्सरमधून काढा, पांढरीशुभ्र पिठीसाखर होते. साखर तीच पण दाणा बारीक झाला की उजेडाला उसळी मारायला जास्त बाजू मिळतात, तो आत शोषला जायच्या आधीच परत फिरतो. वाळूचं तसंच आहे, एकाच खनिजाची कोरडी वाळू असेल तर बारीक ती उजळ आणि जाड ती मळकट दिसते, आणि या फरकावरून दाण्याचा आकार काढायचं गणित बसवता येतं. इथपर्यंत सगळं बरोबर, शास्त्र पक्कं आहे.

गडबड पुढे आहे. अंगणात सडा टाकला की माती लगेच गडद होते ना, तशी ओली वाळू पण गडद दिसते, म्हणजे ओली बारीक वाळू आणि कोरडी जाड वाळू वरून सारखीच दिसू शकते. त्यासाठी डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेडचे पट्टे वापरतात, पाणी ते पट्टे शोषून घेतं म्हणून ओल किती आहे ते थोडंफार वेगळं काढता येतं. पण सेंटिनलचे ते पट्टे २० मीटरचे आहेत आणि आपल्या नदीतली कितीतरी बेटं उन्हाळ्यात पंधरा-वीस मीटर रुंदच असतात, मग एकाच पिक्सेलमध्ये वाळू, पाणी, काठावरची बेशरम आणि कोणाचं तरी कलिंगडाचं वावर असं सगळं येतं.

आणि दगड! हे तर सगळेच विसरतात. पुस्तकातली बरीच गणितं पांढऱ्या गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या वाळूवर बसवलेली आहेत. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीकडची वैनगंगेची रेती त्यात बऱ्यापैकी बसेल, तिकडचा दगड ग्रॅनाइट-नाईसचा आहे, रेती उजळ असते. पण भीमा, नीरा, वरची गोदावरी या सगळ्या काळ्या पाषाणातून वाहतात, त्यांच्या वाळूत बेसॉल्टचे काळे कण, मॅग्नेटाइट असं खूप असतं, लॅबमध्ये मी सहज गंमत म्हणून वाळूवरून लोहचुंबक फिरवते तर त्याला मिशा फुटतात. ही वाळू मुळातच काळपट आहे, मग फोटोतला काळेपणा जाड दाण्याचा, ओलीचा का दगडाचा? कोकणात गेलात तर अजून वेगळं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे आणि शिंपल्यांचा चुरा मिसळलेली पांढरट पुळण पण आहे. एका नदीवर बसवलेलं गणित दुसऱ्या नदीवर जसंच्या तसं चिकटवणं म्हणजे शेजारणीच्या मापाचा ब्लाऊज आपल्या अंगावर घालण्यासारखं झालं.

ड्रोनवाले आता म्हणतील की आमचा पिक्सेल सेंटिमीटरचा आहे. मान्य. साठ मीटरवरून उडवला तर साधारण दीड सेंटिमीटरचा पिक्सेल मिळतो. त्यात मुठीएवढे गोटे छान दिसतात, ते मोजून त्यांचा सरासरी आकार काढता येतो, त्याला फोटो-चाळणी म्हणायला हरकत नाही. १९५४ साली वोलमन नावाच्या माणसाने नदीत चालत चालत बोट लागेल तो गोटा उचलायचा, असे शंभर मोजायचे, अशी पद्धत सांगितली होती, तेच आता वरून होतं आणि कंबर दुखत नाही. पण गोट्यांना जे लागू ते वाळूला कसं लागू होईल? दीड सेंटिमीटरच्या पिक्सेलमध्ये अर्धा मिलिमीटरचे ९०० दाणे बसतात. म्हणजे परत तेच, दाणा दिसत नाहीच.

दाणा दिसायला कॅमेरा जवळ न्यावा लागतो, आणि खरं सांगू का, त्याला ड्रोन पण लागत नाही. २००४ साली रुबिन नावाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वाळूचा अगदी जवळून काढलेला फोटो असेल तर एकेक दाणा न मोजता, शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांशी किती जुळतात त्यावरून दाण्याचा आकार काढता येतो. बारीक वाळूत दोन-चार पिक्सेलमध्येच जुळणी तुटते, जाड वाळूत लांबपर्यंत टिकते. मी हे मोबाईलवर करून बघितलं. फोन वाळूपासून वीतभर-दीड वीत वर धरला, शेजारी पाच रुपयाचं नाणं ठेवलं, फोटोत साधारण ४० सेंटिमीटर जागा आली, फोटो ४,००० पिक्सेल रुंद, म्हणजे एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटरचा दाणा पाच पिक्सेलचा झाला, चालतंय की! मग तीच वाळू कागदात बांधून लॅबमध्ये आणून चाळली. पहिल्या वेळी फोटोचं उत्तर भलतंच आलं कारण सावली पडली होती आणि वरच्या थरात अभ्रकासारखं काहीतरी चमकत होतं. सावली टाळून, वर छत्री धरून परत काढले तेव्हा चाळणीच्या बऱ्यापैकी जवळ आलं. पण चाळून बघितलं म्हणून तर कळलं ना की पहिलं भलतं होतं. नुसता फोटो असता तर मीही ते पहिलंच उत्तर दशांश चिन्हासकट छापलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, त्वचेची. वरून फक्त वरचा थर दिसतो. उजेड वाळूत काही मिलिमीटरच्या पुढे शिरत नाही. आणि नदीचा वरचा थर हा खालच्यापेक्षा वेगळाच असतो, कारण पूर ओसरताना पाणी वरची बारीक वाळू उचलून नेतं आणि जाड खडे मागे ठेवतं, मग गोट्यांची एक फरसबंदी तयार होते आणि तिच्याखाली वाळू दबून राहते. कधी याच्या बरोब्बर उलटं होतं, पाणी संथ झालं की वर बोटभर गाळाची साय येते, उन्हात तिच्या पापड्या सुटतात, वरून वाटतं सगळं गाळाचं आहे आणि खाली मस्त झोन टूची वाळू. आमच्या त्या गटात पहिल्या प्रकारातलं होतं आणि त्याच्याही खाली हातभर गेलं की काळी माती. ज्याने लिलाव घेतला त्याने सुरुवातीचे दिवस गोटे काढले, मग थोडी वाळू मिळाली, मग चिखल लागला. पैसे तर भरून बसलेला. मग तो काय करणार, गटाची हद्द सोडून शेजारच्या चांगल्या वाळूत पोकलेन घातला. तो बरोबर होता असं मी म्हणत नाही. पण हद्दीबाहेर उपसा का होतो याचं एक कारण तुमच्या त्या रंगीत नकाशात पण आहे, एवढंच म्हणते.

या त्वचेने भल्याभल्यांना फसवलंय. मंगळावर नासाची स्पिरिट गाडी होती, २००९ मध्ये ती एका सपाट, साध्या दिसणाऱ्या जागेवरून जाताना वरचा कडक पापुद्रा चाकाखाली फुटला आणि खालच्या भुसभुशीत वाळूत रुतली ती रुतलीच. जगातली हुशार माणसं, फोटो काढायला कॅमेरे गाडीवरच, तरी खालचं कळलं नाही. २०१० च्या मार्चनंतर तिचा आवाज आला नाही आणि २०११ मध्ये नासाने हाका मारणं बंद केलं. तिकडे खड्डा खणायला माणूस पाठवता येत नव्हता हो. आपल्याकडे स्टँडवरून सहा सीटर मिळते.

मंगळाचा विषय निघालाच आहे तर, तिथल्या वाळूचा दाणा उपग्रहातून तापमानावरून काढतात, बारीक धूळ दिवसा पटकन तापते आणि रात्री पटकन गार होते, जाड वाळू आणि दगड ऊब धरून ठेवतात. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या मातीत सळई घालून बघितलं, वर ५० अंशांच्या आसपास आणि आठ सेंटिमीटर खाली उणे १०! एवढी ती माती उष्णता अडवते. पण मुद्दा बघा, इस्रोने सुद्धा वरून अंदाज घेऊन समाधान नाही मानलं, सळई घातली.

कोणीतरी आता रडारचं काढेल. निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून वर गेलाय, नासा आणि इस्रोचा मिळून, त्यात २४ सेंटिमीटर तरंगलांबीचं एल-बँड रडार आहे, आणि मला खात्री आहे की लवकरच एखाद्या टेंडरमध्ये 'निसारद्वारे वाळूची खोली' अशी ओळ दिसेल. आधीच सांगून ठेवते. रडार वाळूच्या आत शिरतं हे खरं आहे, १९८१ मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधल्या रडारने इजिप्त-सुदानच्या वाळवंटात वाळूखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नद्यांची पात्रं दाखवली होती. पण ती सहाराची वाळू, वर्षानुवर्षं पावसाचा थेंब न बघितलेली. आपल्या नदीत दोन फूट उकरलं की झरा लागतो, बायका अजून तसंच पाणी भरतात कितीतरी ठिकाणी. ओल आली की रडार तिथेच थांबतं. ओल मोजायला, पूर कुठपर्यंत आला ते बघायला निसार वापरा, जरूर वापरा, पण वाळूची खोली त्याला विचारू नका.

आता ब्रासचं बोलू, कारण शेवटी पैसे त्याचे आहेत. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. पाच हेक्टरचा गट धरा. ड्रोनने केलेल्या उंचीच्या मॉडेलमध्ये सगळीकडे सारखीच पाच सेंटिमीटरची चूक राहिली, म्हणजे करंगळीएवढी, तर २,५०० घनमीटर झाले, ८८३ ब्रास. २०२३ च्या धोरणातल्या ६०० रुपये ब्रासच्या भावाने सव्वापाच लाखांच्या वर गेलं. करंगळीएवढी चूक! आणि अशी चूक व्हायला कोणी चोर असायची गरज नाही, जमिनीवरच्या खुणेच्या फरश्या, जीसीपी म्हणतात त्या, कमी लावल्या किंवा सगळ्या एकाच काठाला लावल्या की झालं. सगळे फोटो सरळ खाली बघूनच काढले, एकही तिरका नाही, तर मॉडेलला मधोमध घुमट येतो, वाळू नसताना फुगवटा दिसतो. इकडेतिकडे पसरलेल्या बारीक चुका एकमेकींना खाऊन टाकतात, पण ही एकाच बाजूची चूक पूर्ण क्षेत्राने गुणली जाते.

पाण्याखालचं तर विचारूच नका. स्वच्छ पाण्यात तळ वर आल्यासारखा दिसतो, विहिरीत वाकून ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये. एक मीटर खोल पाणी पाऊण मीटरच वाटतं, म्हणजे दुरुस्ती नाही केली तर मॉडेलमध्ये तळ पाव मीटर वर येतो आणि तेवढी वाळू फुकटात वाढते. गढूळ असेल तर तळ दिसतच नाही, मग सॉफ्टवेअर पाण्याच्या पृष्ठभागावरच काहीतरी शिवून देतं. जलपर्णी असेल तर तिचीच मोजणी होते. अहवालात गटाचा किती भाग पाण्याखाली होता हे लिहायला काय जातं?

आणि हे सगळं बरोबर आलं तरी घनफुटात दाणा किती दाबून रचलाय हे राहतंच. आमचे अप्पा गवंडी होते. ते ओली वाळू आली की मापाला एक घमेलं जास्त टाकायला सांगायचे, आम्हाला वाटायचं मालकाचं नुकसान करतायत. लॅबमध्ये आल्यावर कळलं की पाच-सहा टक्के ओल असलेली बारीक वाळू वीस-तीस टक्के सुद्धा फुगते, पाण्याची पातळ साल दाण्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. पूर्ण बुडवली की परत बसते. करून बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात ओलसर वाळू काठोकाठ भरा, ताटात ओता, मग ग्लासात अर्धं पाणी घेऊन त्यात तीच वाळू थोडी थोडी सोडा आणि काडीने ढवळा, वाळू काठाच्या बोटभर खाली बसते. वाळू तेवढीच! नदीत दाबून बसलेला एक ब्रास टिप्परमध्ये गेल्यावर एक ब्रास राहत नाही, वजनकाट्यावर तिसरंच काही येतं. फोटोतून काढलेले ब्रास हे नदीतले की गाडीतले, ते तरी लिहा.

मग माझं म्हणणं काय आहे? फार मोठं नाहीये. केंद्राच्या २०१६ च्या आणि २०२० च्या वाळू मार्गदर्शक सूचना आहेतच, पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून नदीने किती वाळू परत भरली ते बघायचं त्यात आहेच, कागदावर सगळं नीट आहे. मी त्याच्या खालच्या पायरीचं बोलतेय. प्रत्येक गटात चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या, पाणी लागेपर्यंत, आणि वरचा थर, मधला थर, खालचा थर असे वेगळे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरा. एकाच पिशवीत कालवू नका, कालवलं की सगळं मध्यमच येतं! खड्डे कुठे घ्यायचे ते फोटोवरून ठरवा, हेच तर फोटोचं खरं काम आहे, चार वेगवेगळे रंग दिसतायत तर चारही रंगांत एक-एक खड्डा. ज्या दिवशी नमुना घ्याल त्याच्या आसपासच्या तारखेचा फोटो वापरा. एप्रिलचा फोटो आणि ऑक्टोबरचा नमुना याला काही अर्थ नाही, मध्ये नदी येऊन गेलेली असते. मग चाळणीचा तक्ता अहवालाला जोडा आणि ब्रासच्या आकड्यापुढे अधिक-उणे लिहा. बारा हजार, अधिक-उणे दोन हजार, असं लिहिलं तर कोणाची इज्जत जात नाही. उलट ते दशांश चिन्हापुढचे दोन आकडे बघून आमच्या लाइनमधल्या माणसाला हसू येतं, सॉरी पण येतं.

आणि ड्रोनची मूळ फाइल, खड्ड्यांचे कोऑर्डिनेट्स ग्रामपंचायतीला द्या ना. आता गावागावात पोरं आहेत जी क्यूजीआयएस उघडू शकतात. मागे मी एका अधिकाऱ्यांना भेटून हे सांगितलं होतं, ते चांगले बोलले, चहा दिला, पण म्हणाले की मॅडम चाळणीला माणसं कुठून आणायची. साहेब, तुमच्या जवळचं कुठलंही पॉलिटेक्निक बघा, सिव्हिलच्या लॅबमध्ये चाळण्यांचा सेट असतोच, अर्ध्या ठिकाणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, परीक्षेच्या आधी आठ दिवस निघतो. दुसऱ्या वर्षाच्या पोरापोरींना दिवाळीनंतर दोन दिवस नदीवर न्या. येतील, डबे घेऊन नाचत येतील.

एजन्सीवाल्या मंडळींनो, तुम्हाला पण एक सांगते, रागावू नका. तुमच्यातली कितीतरी मुलं माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहेत, एमएससी, एमटेक. तुम्हाला हे सगळं माहितीये हे मला माहितीये. मुदत कमी असते, रेट पाडून टेंडर घेतलेलं असतं, साइटवर गेलं की कोणीतरी बुलेटवर येऊन विचारतं कोण तुम्ही. ते सगळं खरं. पण निदान ज्या गटात खाली उतरला नाहीत तिथे 'प्रत्यक्ष नमुना घेतला नाही' एवढे चार शब्द छापा. मग वाचणारा त्या आकड्याकडे त्याच नजरेने बघेल.

आमच्या त्या गटाचे नमुने मी टाकलेले नाहीत. दोन्ही पिशव्या, वरची आणि हातभर खालची, तारीख लिहून लॅबच्या मागच्या रॅकवर ठेवल्यात, चाळणीच्या कागदासकट. कोणाला बघायच्या असतील तर या, परत चाळून देते, पैसे नको. फक्त दुपारी दोननंतर या, सकाळी ओव्हन भरलेला असतो.

आपली,
चाळणीवाली